उचललेला मजकूर आणि आपली सोयीची नीती

सभेच्या गेल्या बैठकीत एक ठराव मांडण्यात आला. मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांनी आपल्या सभेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील लेख काढून टाकून बडोद्याच्या मराठी समाजाचा अवमान केला, सबब त्यांचा निषेध करण्यात यावा, असा त्याचा मथितार्थ होता. उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही विरोध केला आणि जवळजवळ एकटे पडलो. ठराव मंजूर झाला नाही तो आमच्या युक्तिवादामुळे नव्हे, तर गणसंख्या अपुरी होती म्हणून. तो पुढील त्रैमासिक सभेपुढे पुन्हा यावयाचा आहे. बैठकीत पाच मिनिटांत जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

आधी घडले काय ते पाहू. आपल्या एका तरुण सभासदाने, म्हणजे ज्याच्या आजोबांनी त्या स्मरणिकेसाठी दारोदार फिरून जाहिराती जमवल्या होत्या अशा मुलाने, स्मरणिकेतील शहराच्या मराठी वस्तीविषयीचा सुमारे चौदा पानांचा लेख संगणकावर टंकलिखित केला आणि मराठी विकिपीडियावर जसाच्या तसा चढवला. हेतू निर्मळ होता. दोन रात्री जागून त्याने हे काम केले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो लेख झाकलेला, आणि त्याच्या जागी प्रताधिकारभंगाची शंका असल्याची सूचना. त्याच्या चर्चापानावर दोन ओळींचा कोरडा निरोप. पुढे आठवड्याने लेख वगळण्यात आला. मुलगा दुखावला, घरची माणसे संतापली आणि प्रकरण सभेपुढे आले.

त्या मुलाविषयी आम्हांला ममत्व आहे. आपल्या घरांतील तिसरी-चौथी पिढी गुजराती किंवा इंग्रजी शाळांतून शिकते. घरात मराठी बोलते, पण लिहावयाची वेळ आली की अडखळते. अशा काळात दोन रात्री जागून चौदा पाने मराठी मजकूर टंकणारा मुलगा ही सभेची खरी ठेव आहे. म्हणूनच त्याला खोटे समाधान देणे हा आम्हांला त्याच्यावरचा अन्याय वाटतो. लेख काढला हे योग्यच झाले. तो ज्या रीतीने काढला, तीबद्दल आमचीही तक्रार आहे, ती पुढे सांगूच. परंतु निषेध कोणाचा करावयाचाच असेल, तर तो आधी आपला स्वतःचा करावा लागेल.

बैठकीत ठरावाच्या बाजूने चार मुद्दे मांडले गेले. ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा असा की, स्मरणिका आपली, लेख आपल्या स्मरणिकेतला, तेव्हा तो कोठे द्यावयाचा हे ठरविणारे परके कोण? ऐकावयास हे बिनतोड वाटते. पण भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ सालचा आहे, आणि त्यात प्रथम स्वामी कोण याचे उत्तर स्पष्ट आहे. नोकरीचा भाग म्हणून किंवा तशा कराराखाली केलेल्या कामासारखे काही अपवाद सोडले, तर लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. आपल्या स्मरणिकेतील लेखक सभेचे नोकर नव्हते. त्यांना आपण मानधनही दिले नव्हते. एक श्रीफळ आणि स्मरणिकेच्या दोन प्रती दिल्या होत्या. हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते, असेही तोच कायदा सांगतो. सभेच्या कपाटात आम्ही शोध घेतला. छापखान्याची बिले सापडली, जाहिरातदारांच्या पावत्या सापडल्या. पण लेखकाने हक्क सभेला दिल्याचा एकही कागद सापडला नाही. अर्थ उघड आहे. स्मरणिका आपली आहे, तिची जुळणी आणि मांडणी आपली आहे, परंतु तीमधील लेख आपले नाहीत. एकदा छापण्यासाठी ते आपल्याला विश्वासाने दिलेले होते. शेजाऱ्याने कार्यासाठी दिलेली पातेली आपण परस्पर तिसऱ्याला देऊन टाकत नाही. येथे मात्र तसे केले आणि वर मालकीचा दावा केला.

दुसरा मुद्दा असा की, लेखक वारले, आता कोण विचारतो? कायदा विचारतो. लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सर्वांनाच लागू झाली. हिशेब अवघड नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन आपल्या देशात १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांचे लेखन २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये गेले. जुन्या पन्नास वर्षांच्या नियमाने त्यांच्या लेखनावरील हक्क १९८७ अखेरच संपला, आणि पुढच्या मुदतवाढीने तो पुन्हा जिवंत झाला नाही. ज्या पुस्तकावर लेखकाचे नावच नाही, त्याची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाचीही तशीच. विकिपीडियाची यंत्रणा अमेरिकेत असल्याने तेथील कायदाही पाहावा लागतो आणि काही जुन्या पुस्तकांबाबत तो आपल्याहून कडक आहे.

आता आपल्या लेखाकडे वळू. त्याचे लेखक आपल्याच शहरातील एका शाळेतले शिक्षक होते. ते १९८९ मध्ये वारले. म्हणजे २०४९ अखेरपर्यंत त्या चौदा पानांवर त्यांच्या वारसांचा हक्क आहे. आणि ते वारस कोठे परदेशी हरवलेले नाहीत. त्यांची कन्या दांडिया बाजाराजवळच राहतात. सभेच्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटांचे अंतर. कोणीही त्यांना विचारले नाही. लेख चढविताना विचारले नाही, काढल्यावर विचारले नाही आणि निषेधाचा ठराव लिहितानाही विचारले नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत भारदस्त आहे. ज्ञान हे सर्वांचे असते, त्यावर कुंपण घालणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले आणि सयाजीराव महाराजांचा दाखला दिला. महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अमेरिकेहून बोर्डन यांना पाचारण करून १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले, फिरत्या पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठविली. हे सारे खरे, आणि आपण बडोदेकरांनी त्याचा अभिमान बाळगावा हेही खरे. परंतु महाराजांनी पुस्तके फुकट वाचावयास दिली ती विकत घेऊन. ग्रंथ लिहवून घेतले ते लेखकांना व भाषांतरकारांना आश्रय देऊन, त्यासाठी स्वतंत्र निधी राखून, आणि ग्रंथावर त्यांची नावे छापून. फुकट वाचू देणे निराळे आणि दुसऱ्याचे लेखन नाव पुसून प्रसिद्ध करणे निराळे. पहिल्याला दातृत्व म्हणतात. दुसऱ्याला तेच नाव देता येत नाही.

शिवाय ज्ञान सर्वांचे असते, हे तत्त्व कायद्यालाही मान्यच आहे. कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कोणाची मालकी नसते. संरक्षण असते ते मांडणीला आणि शब्दांना, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. अमुक वाडा अमुक साली बांधला गेला, तेथे अमुक शाळा भरत असे, ही माहिती कोणीही घ्यावी. गुरुजींनी ती ज्या वाक्यांत सांगितली, ती वाक्ये त्यांची. त्या मुलाला माहिती हवी होती, ती मोफत आणि मोकळी होती. आपण त्याला हा फरक कधी शिकवला नाही, म्हणून त्याने वाक्ये उचलली.

येथे एक पळवाट हमखास सुचविली जाते: चार शब्द बदलावेत म्हणजे झाले. समजा, एखाद्या लेखात असे वाक्य आहे: ‘वाड्याच्या दिंडीदरवाजाशी उभे राहिले की आत पाच पिढ्यांचा संसार ऐकू येई.’ त्याचे कोणी ‘वाड्याच्या मुख्य दाराजवळ थांबल्यावर आतील पाच पिढ्यांचा प्रपंच कानी पडत असे’ असे केले, तर चोरी गेली नाही. फक्त वाक्याची चव गेली. सांगाडा तोच, प्रतिमा तीच, क्रम तोच. याउलट, ‘या वाड्यात एका कुटुंबाच्या पाच पिढ्या राहिल्या, असे सभेच्या स्मरणिकेतील लेखात नमूद आहे’ असे लिहिले, तर माहिती घेतली, ऋण मान्य केले आणि शब्द आपले वापरले. कोशात हे तिसरे वाक्य हवे असते. दिंडीदरवाजाचे वाक्य अधिक सुंदर आहे यात वाद नाही. म्हणूनच ते लिहिणाऱ्याच्या नावावर राहिले पाहिजे.

चौथा मुद्दा सर्वांत अधिक टाळ्या घेऊन गेला. मराठीत मजकूर आधीच तोकडा, इंग्रजीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. त्यात हे सोवळे कशाला? मराठी वाढू द्या, नियमांचे मग पाहू. आमच्या मते हाच सर्वांत घातक मुद्दा आहे, कारण तो भाषेच्या प्रेमाचा वेष घेऊन येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या कोशाची सारी इमारत एका करारावर उभी आहे. येथे जो लिहितो तो आपले लेखन मुक्त परवान्याखाली देतो. पुढे कोणीही ते घ्यावे, बदलावे, विकावे देखील, मात्र श्रेय द्यावे आणि आपली आवृत्तीही तशीच मुक्त ठेवावी. जे आपले नाही, ते आपण असे देऊन टाकू शकत नाही. उचललेला लेख त्या कोशात राहिला, तर पुढे तो पाठ्यपुस्तकवाला घेईल, दिवाळी अंकवाला घेईल, आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे समजेल की हा मजकूर मुक्त आहे. एका घड्यात पडलेला थेंब मग साऱ्या पाणवठ्यावर पोचतो. पुढे वारस उभे राहिले की मूळ लेखच नव्हे, तर त्यावर इतरांनी प्रामाणिकपणे चढविलेली भरही काढावी लागते. इतरांचे कष्ट अशा रीतीने वाया घालविणे याला भाषावृद्धी कसे म्हणावे?

मराठीला कोशांची परंपरा नसती, तर हा आपद्धर्म कदाचित समजण्याजोगा होता. पण केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. गोव्याच्या आंबेड्याहून आलेल्या महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस मराठी विश्वकोश सुरू झाला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. या मंडळींपाशी संगणक नव्हते, पैसा बेताचा होता, आणि मराठीत मजकूर आजच्याहून कितीतरी तोकडा होता. त्यांनी लिहिले, लिहवून घेतले, नोंदींखाली लेखकांची नावे दिली. त्यांच्या कष्टांच्या नावाने उचलेगिरीचे समर्थन करणे हा त्यांचाच उपमर्द आहे. विश्वकोश आता संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, तेव्हा त्यातील नोंदी उतरवून घ्यावयास काय हरकत, असेही कोणी विचारले. वाचावयास खुले असणे आणि पुनःप्रकाशनास मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासकीय प्रकाशनालाही प्रसिद्धीपासून साठ वर्षांचे संरक्षण असते. त्या हिशेबाने १९७६ चा पहिला खंडसुद्धा २०३६ अखेरपर्यंत संरक्षित ठरतो.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की आम्ही प्रचालकांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. शंका आली तर काय करावे, याची एक सुसंस्कृत रीत आहे आणि तीच आम्हांला अभिप्रेत आहे. ती इंग्रजी विकिपीडियावर अनेक वर्षांच्या अनुभवातून घडली आहे. साम्य दिसले की प्रथम विचारावयाचे: कोणी कोणाचे घेतले? पुष्कळदा मजकूर आधी विकिपीडियावर असतो आणि दुसऱ्याने तेथून उचललेला असतो. फ्रेंच कादंबरीकार मिशेल उएल्बेक यांच्या २०१० च्या कादंबरीत विकिपीडियातील उतारे सापडले होते, मग लहानसहान संकेतस्थळांची कथा काय! प्रत्येक पानाचा संपादन-इतिहास तारीखवार जपलेला असतो, त्यावरून हे ठरविता येते. नंतर पाहावयाचे की मूळ मजकूर मुदत संपलेला किंवा मुक्त परवान्याचा आहे का. तो अवतरणचिन्हांत, श्रेयासह दिलेला छोटा उतारा आहे का. यांपैकी काही नसेल आणि लेखाचा काही भागच उचललेला असेल, तर तेवढाच काढावयाचा किंवा आधीच्या स्वच्छ आवृत्तीकडे परत जावयाचे. सारा लेखच संशयास्पद असेल तर तो झाकावयाचा, सूचना लावावयाची, लिहिणाऱ्याला कळवावयाचे आणि त्याला साधारण आठवडाभराची मुदत द्यावयाची. त्या मुदतीत त्याने परवानगी आणावी किंवा स्वतःच्या शब्दांत लेख पुन्हा लिहावा. उघडउघड नक्कल असेल तर लेख ताबडतोब काढता येतो. आणि एकाच सदस्याकडून हे वारंवार घडले असेल, तर त्याचे मागचे सारे योगदान तपासले जाते. थोडक्यात, आधी झाकावे, मग शोधावे, आणि शेवटी काढावे किंवा ठेवावे. वस्तू संशयित असते, माणूस नव्हे.

मराठीत मात्र या शोधाला एक विशेष अडचण आहे. इंग्रजी मजकुराची तुलना यंत्रे क्षणात करतात. आपले बहुतांश साहित्य अजून कागदावरच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या, पाचशे प्रती निघालेल्या स्मरणिकेतील उतारा यंत्राला कोठून सापडणार? ही अडचण केवळ मराठीची नाही. २००५ च्या अखेरीस जर्मन विकिपीडियावर असे उघडकीस आले की, कोणी अनाम व्यक्ती २००३ पासून पूर्व जर्मनीतील जुन्या छापील ग्रंथांतले उतारे तेथे भरत होती. ते ग्रंथ संगणकावर नव्हते, म्हणून दोन वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. शेकडो लेख संशयाच्या छायेत आले आणि ते तपासण्यासाठी लोकांना ग्रंथालयांतून जुनी पुस्तके धुंडाळावी लागली. आपल्या लेखाची नक्कलही यंत्राने पकडली नाही. ती पकडली कोण्या वाचकाने, ज्याच्या घरी ती स्मरणिका असणार. आम्हांला तर यात आनंद वाटला. आपली स्मरणिका अजून कोणी वाचतो, आणि वाक्य कोणाचे हे ओळखतो!

आता प्रचालकांकडे वळू. त्यांनी लेख झाकला, मुदत दिली, हे नियमाला धरून झाले. परंतु मुलाला पाठविलेला निरोप असा होता, की वाचणाऱ्याला आपण चोर ठरलो असेच वाटावे. त्यात परवानगी कशी आणावी हे सांगितले नव्हते. माहिती ठेवता येईल, शब्द बदलावे लागतील, हेही सांगितले नव्हते. केवळ नियमाच्या पानाचा दुवा होता, आणि ते पान अशा भाषेत लिहिलेले की वकिलालाही दोनदा वाचावे लागावे. हे काम करणारे स्वयंसेवक आहेत, विनावेतन राबतात, रोज नव्या नकला निस्तरतात. त्यांचा संयम सुटत असेल तर तो समजू शकतो. तरीही आमचे त्यांना सांगणे आहे की, मराठीत लिहू पाहणारा एक तरुण परत जाणे हे एक उचललेला लेख राहण्याइतकेच नुकसानीचे आहे. ‘आपण चढविलेला मजकूर पूर्वप्रसिद्ध दिसतो, आपल्याकडे लेखकाची अनुमती आहे काय? नसल्यास हीच माहिती आपल्या शब्दांत लिहा, आम्ही साहाय्य करू’ एवढ्या दोन वाक्यांनी काम झाले असते. शंकेची भाषा आणि आरोपाची भाषा यांत अंतर ठेवणे हे ज्ञानाच्या दरबारात शिष्टाचारापुरते नसते, ते न्यायाचे असते.

कायद्यात या अपराधाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पण तुरुंगाच्या धाकाने प्रामाणिक राहावे, असे आम्हांला सुचवावयाचे नाही. दोन रात्री जागणाऱ्या मुलाला कोणी तुरुंगात घालणार नाही, घालू नये. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे, आणि ते आम्हांला बैठकीनंतर कळले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुजींच्या कन्येकडे गेलो. सत्तरीच्या पुढचे वय, पण स्मरण लख्ख. प्रकरण सांगितले, तेव्हा त्या कोणावरही रागावल्या नाहीत. वडील सुट्टीच्या दिवशी सायकलीवरून वाडे पाहावयास कसे जात, देवळांतील जुनी बाडे उतरवून घेण्यासाठी कंदील कसा बरोबर नेत, हे त्यांनी सांगितले. मग एकच प्रश्न विचारला: ‘बाबांचं नाव होतं का त्यात?’ आम्ही उत्तर देऊ शकलो नाही, कारण नाव नव्हते. चौदा पाने होती. त्यांतील प्रत्येक वाडा, प्रत्येक सनावळी होती. ज्यांनी ती जमविली त्यांचे नाव तेवढे राहून गेले होते. मुलाने ते मुद्दाम गाळले नाही. कोशात लेखकाचे नाव घालत नाहीत, एवढे त्याने पाहिले आणि तसे केले. लेखकाने हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो, असे आपल्या कायद्याचे सत्तावन्नावे कलम सांगते. एरवी कलमे रुक्ष असतात. हे कलम त्या बाईंच्या प्रश्नातून निघाल्यासारखे वाटले.

आम्ही त्यांना परवानगीविषयी विचारले आणि तिचा अर्थही लपविला नाही. ‘केवळ विकिपीडियापुरती’ अशी परवानगी तेथे चालत नाही. मुक्त परवाना दिला की मजकूर कोणीही वापरू शकतो, बदलू शकतो, त्यावर पैसे मिळवू शकतो; श्रेय द्यावे लागते, पण दिलेला परवाना परत घेता येत नाही. त्यांनी सारे शांतपणे ऐकले. पुण्याच्या भावाशी बोलून सांगेन, म्हणाल्या. तेही वारस आहेत, तेव्हा त्यांचीही संमती लागेलच. कदाचित त्या नाही म्हणतील. तो त्यांचा अधिकार आहे, आणि तसे झाल्यास आपण तो निमूटपणे मान्य केला पाहिजे. माहिती तरीही मोकळीच राहील.

म्हणून निषेधाच्या ठरावाऐवजी आम्ही पुढील सभेत दुसरा ठराव मांडणार आहोत. सभेच्या आजवरच्या साऱ्या स्मरणिका व अंक यांतील लेखकांची एक वही करावी. प्रत्येकापुढे निधनाचे वर्ष, हक्क संपण्याचे वर्ष आणि वारसांचा पत्ता नोंदवावा. जे हयात आहेत त्यांच्याकडून आणि जे गेले त्यांच्या वारसांकडून लेखी संमती मागावी. ज्यांनी दिली त्यांचे लेख रीतसर मुक्त करावेत, ज्यांनी दिली नाही त्यांचे जपून ठेवावेत. या वार्तापत्रासाठी यापुढे लेख घेतानाच संमतीपत्र घ्यावे. आणि त्या मुलाला बोलावून, स्मरणिका समोर ठेवून, तो लेख त्याच्याच शब्दांत, तळाशी गुरुजींच्या नावासह संदर्भ देऊन पुन्हा लिहवून घ्यावा. या शेवटच्या कामासाठी दर रविवारी सकाळी सभेच्या वाचनालयात बसण्याची आमची तयारी आहे.

हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. आपली घरे बडोद्यात आहेत, पण मुले पुण्यात, बंगळुरात, परदेशात गेली आहेत. दहा वर्षांनी वारसांचे पत्ते सापडणार नाहीत, आणि ज्यांची संमती घेता येत नाही असे लेख कायद्याने बंद आणि कागदाने जीर्ण अशा दुहेरी कुलपात पडून राहतील. परप्रांतात आलेल्या आपल्या पूर्वजांनी आपली नावे टिकावीत म्हणून वाडे बांधले, देवळे बांधली, सभा स्थापन केल्या. ज्यांनी त्या साऱ्याची नोंद ठेवली, त्यांची नावे आपल्याच हातून पुसली जाऊ नयेत. निषेधाच्या ठरावावर हात वर करण्यापूर्वी सभासदांनी दांडिया बाजारापर्यंत दहा मिनिटे चालत जावे, आणि त्या प्रश्नाला काय उत्तर देणार, ते ठरवून यावे.